मुंबई पाहायची ती कापसाच्या वाटेने

दारव्हा तालुक्यातील एका महिला बचत गटाच्या अध्यक्षताईंनी विचारले आहे, की त्यांच्या गटातील २८ जणी पहिल्यांदाच मुंबई पाहायला निघत आहेत, हाती ३ दिवस आहेत, त्यांतील ७ जणी साठीच्या पुढच्या आहेत, आणि बहुतेकींच्या घरी कापसाची शेती आहे किंवा त्या वेचणीच्या मजुरीला जातात. तेव्हा गेटवे, चौपाटी आणि नटनट्यांचे बंगले एवढेच पाहून परतायचे, की त्याहून काही अधिक पाहता येईल? मी मूर्तिजापूर तालुक्यात राहतो. २२ वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि तेव्हापासून आजवर विद्यार्थ्यांच्या, शेतकऱ्यांच्या व महिला मंडळांच्या सहली मुंबईला नेत आलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ताई, नटनट्यांच्या बंगल्यांचे आधी सांगतो. त्यासाठी वेळ घालवू नये. बंद फाटकापुढे उन्हात उभे राहण्यात अर्धा दिवस जातो आणि पाहायला मिळते ती भिंत. गेटवे आणि चौपाटी मात्र अवश्य पाहावी. परंतु तुमच्या गटाला मुंबई दाखवण्याची सर्वांत चांगली रीत माझ्या अनुभवाने अशी आहे, की ती कापसाच्या वाटेने दाखवावी. फोर्ट भागातील ज्या दगडी इमारतींपुढे उभे राहून सगळे फोटो काढतात, त्यांतील अनेकींच्या पायात कापसाच्या व्यापाराचा पैसा आहे, आणि त्या व्यापारात वऱ्हाडच्या कापसाचा वाटा मोठा होता. ज्या हातांनी वेचणी केली आहे, त्या हातांच्या माणसाला ही गोष्ट सांगितली की तीच इमारत तो वेगळ्या नजरेने पाहतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिले आहे.

निघण्यापूर्वी गटाला हा इतिहास थोडा सांगून ठेवा. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. दोन्ही गोष्टींमागे कापसाची ओढ हे एक मोठे कारण होते. त्याआधी आपल्याकडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे आणि तेथून नावांनी कलकत्त्याला पोहोचत असे. वाटेत तो भिजे, धुळीने माखे आणि त्याचा भाव पडे. तुमच्या गटात तांड्यावरच्या भगिनी असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा, कारण या वाटेवरचे जुने वाहतूकदार त्यांचेच पूर्वज होते. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडातील मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायर भागातील गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. त्या गिरण्यांची सगळी मागणी हिंदुस्थानी कापसाकडे वळली, भाव कित्येक पटींनी चढले आणि १८६५ मध्ये युद्ध संपेपर्यंत मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच वर्षी कसाऱ्याजवळच्या थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला तो केवळ कापसासाठी, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. वऱ्हाडच्या कापसाला व्यापारात ‘ऊमरा’ म्हणत, ते उमरावती म्हणजे आपल्या अमरावतीवरून. आणि हिंगणघाटचा लांब धाग्याचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानिशी ओळखला जात असे.

तुमच्या दारव्ह्याचा या गोष्टीत थेट संबंध आहे. यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरला येणारी, आता बंद पडलेली ११३ किलोमीटरची अरुंद, अडीच फुटी रुळांची रेल्वे, जिला आपण शकुंतला म्हणतो, ती किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रजी कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी कापूस वाहून नेण्यासाठी बांधली. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले होते आणि १९९४ पर्यंत ते धावत होते. साठीच्या पुढच्या तुमच्या सातही जणींनी ते डोळ्यांनी पाहिलेले असणार. ज्या गावी आपला कापूस जात होता त्या गावाने घडवलेले इंजिन आपल्या शिवारातून कापूस ओढत नेत होते, हे जाण्यापूर्वी त्यांच्याच तोंडून इतरांनी ऐकावे असे मला मनापासून वाटते.

केव्हा जावे, हेही शेतीच्या हिशेबाने ठरवावे. दिवाळीनंतर पौषापर्यंत वेचणी चालू असते, त्या दिवसांत मजुरी बुडवून कोणी येणार नाही आणि येऊही नये. संक्रांतीची हळदीकुंकवे रथसप्तमीला आटोपतात. त्यानंतरचा आठवडा सर्वांत सोयीचा. तेव्हा मुंबईची हवाही बरी असते आणि समुद्र शांत असतो. ६ डिसेंबरच्या आसपास महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी विदर्भातून निघणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. ज्यांना त्या दिवशी वंदनेला जायचे आहे त्यांनी खुशाल जावे, पण स्थळे पाहण्याची सहल त्या दिवसांत आखू नये. वारांचा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि भायखळ्याचे संग्रहालय व राणीचा बाग बुधवारी. माझ्या पहिल्याच सहलीत मी हे पाहिले नव्हते आणि ४० विद्यार्थ्यांना सोमवारी गेटवेच्या धक्क्यावरून माघारी आणावे लागले. त्या मुलांतील कित्येकांना त्यानंतर मुंबई पाहायला मिळाली नसेल, ही खंत मला अजून आहे. म्हणून बुधवारी संध्याकाळी मूर्तिजापूरहून विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेस धरावी, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार मुंबईत काढावेत आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने परतावे.

गुरुवारी सकाळी गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थांबेल तेव्हा सगळे घाईने बाहेर पडतील. तुम्ही पडू नका. सामान एका जागी ठेवून दोघींना राखणीला बसवा, आणि पाहण्याची सुरुवात तेथूनच करा, कारण मुंबईतील एक फार मोठी वास्तू तुमच्या डोक्यावर उभी असते. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेल्या या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि सुमारे १० वर्षे चालले. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. ती बाहेरून, रस्त्यापलीकडून पाहावी. मधल्या घुमटावर एक स्त्रीची मूर्ती आहे, तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक आहे, ती ‘प्रगती’. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे तो इंग्लंडचा आणि दुसऱ्यावर वाघ आहे तो आपला. भिंतींवर मोर, माकडे, पाने, फुले कोरलेली आहेत आणि त्या कोरीव कामात मुंबईच्या कलाशाळेतील एतद्देशीय विद्यार्थ्यांचे हात लागलेले आहेत. ही ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कचेरी होती, त्याच कंपनीचे रूळ आपल्या मूर्तिजापुरातून गेले आहेत, हे तेथे उभे राहूनच सांगावे.

आंघोळ, न्याहारी आणि थोडी विश्रांती झाली की दुपारी ३ नंतर फोर्टमध्ये पायी फिरावे. अंतर फार नाही, पण म्हाताऱ्या बायकांसाठी दर अर्ध्या तासाने बसायची जागा ठरवून ठेवावी. प्रथम हॉर्निमन सर्कलच्या बागेत जा. आज तेथे गोल बाग आणि भोवती सारख्या कमानींच्या इमारती आहेत. पूर्वी ते मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गाठींचे ढिगारे लागत. व्यापार इतका वाढला की १८४४ मध्ये तो कुलाब्याला हलवावा लागला. समोर तीस पायऱ्यांचा जुना टाउन हॉल आहे, १८३३ सालचा, त्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी खालीच बसावे. पायऱ्यांखालूनही ती वास्तू चांगली दिसते.

तेथून हुतात्मा चौकात यावे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्या १०६ जणांचे स्मारक या ठिकाणी आहे, आणि विदर्भाचे या राज्यात येणे सोपे नव्हते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार, म्हणून येथे थोडे थांबावे. मग ओव्हल मैदानाच्या कडेला या आणि राजाबाई टॉवर पाहा. माझ्या दृष्टीने तुमच्या गटाने पाहण्याची मुंबईतील पहिली वास्तू हीच. प्रेमचंद रायचंद हे कापसाचे आणि शेअरचे मोठे व्यापारी. अमेरिकी युद्धाच्या काळात त्यांनी अमाप पैसा कमावला आणि युद्ध संपताच भाव कोसळले तेव्हा त्यातला बहुतेक गमावलाही. पण विद्यापीठाला मनोऱ्यासाठी दिलेले २ लाख रुपये शिल्लक राहिले आणि त्यातून १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा हा मनोरा पूर्ण झाला. नाव आईचे, राजाबाईंचे. त्या अंध होत्या, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम घंटेच्या आवाजावरून पाळता यावा म्हणून मुलाने हे घड्याळ उभारले, असे लोक सांगतात. शेतकऱ्यांच्या एका सहलीत हे सांगितल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, की ज्याने तो कापूस पिकवला त्याच्या आईसाठी काय उभे राहिले? मी त्यांना खरे तेच सांगितले. चढ्या भावाच्या काळात वऱ्हाडच्या शेतकऱ्यालाही चार पैसे मिळाले, ज्वारीच्या जागी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वाढली. पण भाव उतरल्यावर सावकाराचे देणे राहिले, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा घरात रोख पैसा नव्हता आणि कणगीत धान्यही पुरेसे नव्हते. तुमच्या गटातील कोणी हेच विचारील. उत्तर टाळू नका.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर सूर्यास्त पाहावा. त्यासाठी काही सांगावे लागत नाही. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही त्यांना तासभर नुसते बसू द्यावे, घाई करू नये.

शुक्रवार घारापुरीसाठी ठेवा. गेटवेच्या धक्क्यावरून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक धरावी. बोटीला साधारण तास लागतो. बोट लागण्याची भीती असेल त्यांनी रिकाम्या पोटी किंवा भरगच्च जेवून बसू नये, सुकी भाकरी किंवा फुटाणे खावेत आणि खालच्या मजल्यावर, मधोमध बसावे. बेटावर उतरल्यावर धक्क्यापासून लहान गाडी मिळते आणि पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी खुर्चीची डोली मिळते. भाव आधी ठरवून घ्यावा आणि त्यात संकोच मानू नये. माकडे पिशव्या ओढतात, तेव्हा शिदोरी खालीच संपवावी. मुख्य लेण्यात सदाशिवाची सुमारे २० फूट उंचीची मूर्ती आहे, जिला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. तिच्यापुढे एकदम जाऊ नका. उत्तरेच्या दारातून आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत मिनिटभर थांबा, मग खांबांमधून ती हळूहळू उजळत दिसते. डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. शिवपार्वतीच्या विवाहाचे शिल्प बायकांना विशेष आवडते, कारण त्यातली पार्वती किंचित खाली पाहणारी, लाजलेली अशी आहे, आणि तिच्या शेजारी तिला देऊन टाकणारा बाप उभा आहे. आपल्या अंगणातल्या लग्नात जे दिसते तेच दगडात आहे. ही लेणी सहाव्या शतकातील मानली जातात. त्याच्या अगोदरच्या शतकात अजिंठ्याची उत्तम लेणी ज्याच्या काळात कोरली गेली तो वाकाटक राजा हरिषेण वत्सगुल्माचा, म्हणजे आपल्या वाशीमचा होता. डोंगर कोरून देव घडवण्याची ही परंपरा विदर्भाला परकी नाही, हे गटाला कळू द्या.

परतल्यावर गेटवे पाहावे. पंचम जॉर्ज राजाच्या १९११ मधील आगमनाची ही आठवण १९२४ साली पूर्ण झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश फौज याच कमानीखालून बाहेर पडली. एवढे सांगितले तरी पुरे. शेजारच्या ताज महाल हॉटेलकडे मात्र जास्त वेळ पाहावे. ते १९०३ मध्ये जमशेटजी टाटांनी उघडले, आणि या जमशेटजींचा गाजलेला मोठा कारखाना मुंबईत निघाला नव्हता. तो १ जानेवारी १८७७ रोजी आपल्या नागपूरला एम्प्रेस मिल म्हणून सुरू झाला. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी असावी, हा त्यामागचा विचार होता आणि त्या गिरणीच्या यशावर पुढचे बरेच काही उभे राहिले. पाय थकले नसतील तर जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. थकले असतील तर ते सोडावे आणि महालक्ष्मीच्या दर्शनाला जावे. बायका तेथे जाण्याचा आग्रह धरतीलच, आणि तो योग्यच आहे.

शनिवारी पहाटे ५ वाजता, ज्यांची इच्छा असेल त्यांनाच, कुलाब्याच्या ससून डॉकला न्यावे. माळकरी बायकांना मासळीचा वास सोसत नाही. त्यांना झोपू द्यावे. ससून घराण्याने १८७५ मध्ये बांधलेला हा धक्का कापूस आणि अफूच्या व्यापारासाठी होता, कुलाब्याच्या कापूस बाजाराला लागून. आज तेथे कोळी भगिनी मासळीचे लिलाव करतात, आणि भाव ठरवणाऱ्या, पैसे मोजणाऱ्या, आवाज चढवून आपला माल विकणाऱ्या त्या बायका हेच तुमच्या गटाने पाहण्यासारखे आहे. फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि त्यांच्या वाटेत उभे राहू नये. एका सहलीत आमच्याकडच्या एका बाईने तेथल्या कोळणीला विचारले, दलाल किती घेतो? त्या दोघी दहा मिनिटे बोलत होत्या. तेवढ्यात त्या दोघींनी एकमेकींना जे सांगितले, ते माझ्या कोणत्याही माहितीपेक्षा उपयोगाचे होते.

न्याहारीनंतर भायखळ्याला राणीच्या बागेत जावे. मुलाबाळांसाठी पेंग्विन आहेत, पण माझा आग्रह शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा आहे. १८७२ मध्ये खुली झालेली ही मुंबईची सर्वांत जुनी संग्रहालयाची इमारत. आत मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, त्यांत जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे पोशाख आणि धंदे दाखवले आहेत. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते सगळे समजते. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा प्रयत्न केला तेव्हा तो फुटला, मग तुकडे जुळवून येथे उभा केला. आदल्या दिवशी घारापुरी पाहिलेली असली की हा हत्ती ओळखीचा वाटतो, म्हणूनच हा क्रम बदलू नये.

तेथून लालबाग, परळमार्गे वाहनाने जाताना गिरणगाव दाखवावे. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावरांची पहिली सूतगिरणी चालू झाली आणि पुढे या भागात गिरण्यांच्या धुराच्या चिमण्या जागोजाग उभ्या राहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. मधूनच एखादी विटांची चिमणी दिसते, तेवढीच. चैत्यभूमीला वंदन करायचे असेल तर याच दुपारी दादरला जावे. नागपूरची दीक्षाभूमी पाहिलेल्या बायकांना तेथे गेल्याशिवाय सहल पूर्ण वाटत नाही.

शेवटचे ठिकाण कोणत्याही सहल कंपनीच्या यादीत नसते. शिवडीजवळ हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. कुलाब्याचा कापूस बाजार पुढे येथे आला. गाठी ठेवण्याची लांबलचक गोदामे येथे बांधली गेली आणि कॉटन एक्स्चेंजची इमारतही येथेच आहे. ती कचेरी आहे, तेव्हा बाहेरूनच पाहावी. येथे येताना गटातील प्रत्येकीने घरच्या कापसाची एकेक बोंड पदरात बांधून आणावी असे मी सुचवतो, कारण आपल्या पऱ्हाटीवरून निघालेला कापूस जिनिंगमध्ये सरकी सोडून, प्रेसिंगमध्ये गाठ होऊन, मूर्तिजापूरच्या यार्डातून ज्या ठिकाणी येत होता ते ठिकाण हेच, हे हातातल्या बोंडासकट समजते. दुपारी ४ च्या आत तेथून निघावे, कारण त्यानंतर लोकलची गर्दी वाढते आणि २८ जणींना एका डब्यात चढवणे अवघड होते. कोणी खाली राहिली तर पुढच्या स्थानकावर उतरून सगळ्यांनी थांबायचे, हा नियम पहिल्या दिवशीच ठरवून घ्या आणि सर्वांच्या पदराला मुक्कामाच्या पत्त्याची चिठ्ठी बांधा.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. रथसप्तमीनंतरचा बुधवार धरून तारीख मोजा, जातानाचे आणि येतानाचे तिकीट एकाच वेळी काढा, आणि ज्येष्ठ बायकांना खालचीच बर्थ मागा. निघण्याच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी गटाला दारव्हा-मोतीबागच्या बंद पडलेल्या स्थानकावर घेऊन जा आणि त्या सात जणींना बोलते करा.